छतातून लोंबणाऱ्या दोन वायरी

निगडी प्राधिकरणात, यमुनानगरच्या बाजूला, बैठ्या घरांच्या काही रांगा अजून मूळ रूपात उभ्या आहेत. तिथल्या एखाद्या घरात जुनी ट्यूबलाइट बदलायला वायरमन येतो, तेव्हा जे घडतं ते थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच असतं. काकू स्टूल आणून ठेवतात आणि भिंतीवरचं बटण बंद करतात. वायरमन स्टुलाकडे न जाता आधी मीटरकडे वळतो.

“दादा, बटण बंद केलंय मी.”

“असू दे काकू. बटणावर भरवसा नाही. मेन खाली करतो.”

मेन खाली केल्यावर ट्यूबलाइटची पत्र्याची पट्टी उतरते. मागे छताला भोक, भोकात लोखंडी पाइपाचं तोंड आणि त्यातून लोंबणाऱ्या दोन वायरी. दोन्ही काळ्या. अर्थिंगची हिरवी कुठेच नाही. फेज कोणती आणि न्यूट्रल कोणती, हे रंगावरून कळायला मार्ग नाही. टोकाचं प्लास्टिक तपकिरी पडून कडक झालेलं. वायरमन एक टोक चिमटीत धरून जरा वाकवतो आणि कट्‌दिशी एक पेर हातात येतं. आत राखाडी धातू, म्हणजे ॲल्युमिनियम.

काकूंच्या लेखी हे पाच मिनिटांचं काम होतं. पण त्या तुटलेल्या पेरामागे या शहराचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये जुनं घर म्हणजे काही नाना फडणवीसांच्या काळातला वाडा नव्हे. चिंचवडगावातले, भोसरीतले, आकुर्डीतले थोडे वाडे सोडले, तर इथे ‘जुनं’ म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांचं. १९७० साली नगरपालिका, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ साली महानगरपालिका असं हे घाईने मोठं झालेलं गाव. घाईने वाढलेल्या गावात प्रत्येक दशकाने आपापल्या ऐपतीची वायर छतात कोंबली आणि वर गिलावा मारला. दिवा बदलायला येणाऱ्याला ते सगळे थर वाचता यावे लागतात, नाहीतर झटका ठरलेला.

विजेशी या परिसराची ओळख मात्र नगरपालिकेच्या कितीतरी आधीची, आणि ती जरा उफराटी आहे. इंद्रायणीच्या उगमाकडचं पाणी लोणावळा-वळवणच्या तलावांत अडवून टाटांनी ते घाटाखाली सोडलं आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू केलं. आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण बांधून १९२२ साली भिवपुरीचं वीजघर आलं. मुळेचं पाणी मुळशीला अडवलं, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी १९२७ साली भिऱ्याची जनित्रं फिरू लागलीच. इंद्रायणी आजच्या पिंपरी-चिंचवडची उत्तरेची शीव, मुळा दक्षिणेची. दोन्ही नद्यांचं पाणी उलटं, पश्चिमेला वळवून त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, आणि देहू, चिखली, चऱ्होली, वाकड ही काठावरची गावं कंदिलाच्या उजेडात राहिली. कंदीलही स्वदेशी, ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काच कारखाना काढला आणि पुढे त्यांचा कंदील महाराष्ट्रात घरोघर खुंटीला लागला. संध्याकाळी काच राखेने पुसणं, वात कातरणं, रॉकेल भरणं हे घरातल्या पोरांचं ठरलेलं काम असे.

चिंचवडच्या माणसाने विजेचा खेळ पाहिला तो आधी रेल्वेवर. कल्याण-पुणे मार्गाचं विद्युतीकरण १९२९ च्या अखेरीस झालं आणि १ जून १९३० पासून विजेच्या इंजिनावर डेक्कन क्वीन धावू लागली. रुळांच्या डोक्यावर दीड हजार व्होल्टची तार आणि रुळांलगतच्या घरात प्रभाकर कंदील, असं बरीच वर्षं चाललं.

पुण्याच्या पेठांत आणि इथल्या थोड्या सधन घरांत वीज आली, तेव्हा वायरमनच्या आधी सुताराला बोलावणं जाई. कारण वायरिंग हे मुळात लाकडाचं काम होतं. खाचा पाडलेली सागवानी पट्टी भिंतीवर ठोकायची, एका खाचेत एक वायर, दुसरीत दुसरी, आणि वरून झाकणपट्टी. हे केसिंग-कॅपिंग. पुढे ते महाग पडू लागलं तसं बॅटन वायरिंग आलं. चपटी सागवानी पट्टी, तिच्यावर ठराविक अंतराने टिनच्या क्लिपा आणि क्लिपांखाली दाबलेली वायर. तुळयांना वळसे घालत, देवळीच्या कमानीवरून उतरत, बटणाच्या गोल लाकडी ठोकळ्यापर्यंत येणारी ती पट्टी ओळंब्यात असली पाहिजे, यावर घरमालकाचं बारीक लक्ष असे. वायरिंग डोळ्यांसमोर असल्याचा एक मोठा फायदा होता, बिघाड दिसायचा. कुठे उंदराने कुरतडलं, कुठे क्लिप सुटली, कुठे पावसाचं पाणी झिरपलं, हे घरातलं पोरसुद्धा सांगू शकायचं. आज सगळं भिंतीच्या पोटात गेलंय. भिंत देखणी झाली आणि मुकी झाली.

त्या काळच्या वायरीवर रबराचं वेष्टण असे. व्हल्कनाइज केलेल्या रबरात गंधक असतं आणि गंधक तांब्याला खातं. म्हणून तांब्याच्या तारेला कल्हई करत, अगदी स्वयंपाकघरातल्या पातेल्याला करतात तशी. त्यावर रबर आणि रबरावर सुताची वीण. ही वायर सावलीत आणि थंडाव्यात पुष्कळ वर्षं टिकते, पण दिव्याच्या डोक्यावर नाही. पिवळा बल्ब खातो त्यातला बहुतेक भाग उष्णता म्हणून सोडतो आणि ती होल्डरातून वर चढत राहते. वीस-तीस वर्षं अशी शेकल्यावर रबराचा पापुद्रा होतो. जुन्या वाड्यात दिवा बदलताना होल्डर नुसता हलवला तरी वायरीवरचं वेष्टण भाकरीच्या कडेसारखं तुटून खाली पडतं आणि दोन उघड्या तारा एकमेकींकडे बघत राहतात. अशा वेळी टेप गुंडाळून वेळ मारून नेणारे वायरमन पूर्वीही होते, आजही आहेत. जाणता माणूस मागे सरकत जातो, जिथे रबर अजून लवचिक आहे तिथपर्यंत. बहुतेकदा ती जागा सापडतच नाही आणि सगळी वायर बदलावी लागते.

अशा वाड्यांच्या मीटरजवळ एक सापळाही असतो. बोर्डावर चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज शेजारी शेजारी बसवलेले दिसतात, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. दोन्हीकडे फ्यूज म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असा तेव्हाचा हिशेब. ब्रिटनमध्येही ही पद्धत बरीच वर्षं चालली, तिथूनच ती इकडे आली. पण न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवे जातात आणि फेज मात्र घरभर जिवंत राहते. माणूस म्हणतो “लाइट गेली” आणि निर्धास्त हात घालतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी याला बंदी घातली. ३२ व्या नियमाने सांगितलं की न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटं बटण नको, तोडायचंच असेल तर फेज आणि न्यूट्रल एकदम तुटतील असा जोड स्विच हवा. त्याच नियमावलीतल्या ४५ व्या नियमाने वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडे आणि पात्रतेचा दाखला असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली दिलं. नियम कागदावर आले. चिनी मातीचे किटकॅट जागेवरच राहिले, कारण चालू असलेल्या वस्तूला हात लावायचा नाही हा आपल्याकडचा न लिहिलेला नियम त्याहून जुना आहे.

हे नियम आले तेव्हा पिंपरीचा कायापालट सुरू झाला होता. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीत वसली होती. ‘पिंपरी कॅम्प’ हे नाव अजून बस कंडक्टरच्या तोंडी आहे. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलीनच्या कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. १९६० च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आलं, १९६२ साली एमआयडीसी आली आणि त्याच वर्षी कोयनेची वीज सुरू झाली. आकुर्डीत बजाज, पिंपरी-चिंचवडच्या माळावर टेल्को. ज्वारी-बाजरीच्या शिवारांतून हाय टेन्शनचे मनोरे चालू लागले.

या सगळ्यात वायरीच्या दृष्टीने महत्त्वाचा एक कारखाना जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून आहे. कराचीहून आलेल्या प्रल्हाद छाब्रिया आणि त्यांचे बंधू किशन छाब्रिया यांनी १९५८ साली फिनोलेक्स सुरू केली. आधी माल मोटारगाड्यांसाठीचा, पीव्हीसी वेष्टणाच्या केबल. पुढे घरगुती वायर. रबर मागे पडून पीव्हीसी येण्याचा हा काळ. पीव्हीसीला गंधकाची भीती नाही, कल्हईची गरज नाही, आणि मुख्य म्हणजे ते हव्या त्या रंगात मिळतं. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ ही भाषा घरात खऱ्या अर्थाने रुजली ती या रंगीत प्लास्टिकमुळे. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात नव्वद मीटरचं वेटोळं मागितलं की दुकानदार जी दोन-तीन नावं घेतो, त्यांत पिंपरीचं नाव असतंच.

मग यमुनानगरच्या छतात दोन्ही काळ्या का? कारण साधं आहे. कामावर काळ्या वायरीचं वेटोळं आणलं होतं, ते संपेपर्यंत वापरलं. लाल आणायला कोण जाणार?

ॲल्युमिनियमचं कारण मात्र इतकं साधं नाही. देशात तांब्याचं उत्पादन तोकडं आणि परकीय चलनाची कायम चणचण. आयातीवर बंधनं आली आणि तांबं घरांच्या भिंतीत गाडणं ही चैन ठरली. ॲल्युमिनियम त्या मानाने घरचं, बॉक्साइट इथलंच. हिंदाल्कोचा रेणुकूटचा कारखाना १९६२ साली सुरू झाला. १९६४ मध्ये भारतीय मानक संस्थेने पीव्हीसी वायरीच्या मानकाचा, म्हणजे आयएस ६९४ चा, वेगळा दुसरा भाग ॲल्युमिनियमसाठीच काढला. साठच्या दशकापासून पुढची जवळपास पंचवीस वर्षं मध्यमवर्गीय घर, सरकारी क्वार्टर, कामगार वसाहत, प्राधिकरणाची सदनिका, कुठेही गेलात तरी छतात ॲल्युमिनियमच. हा देशाच्या तिजोरीचा निर्णय होता आणि तो कोट्यवधी छतांवर लिहिला गेला.

ॲल्युमिनियम वाईट धातू आहे असं नाही. विजेच्या खांबांवरच्या तारा त्याच्याच असतात आणि उत्तम चालतात. अडचण जोडाची आहे. ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो थर विजेला अडवतो. शिवाय हा धातू मऊ. स्क्रूखाली दाबला की वर्षानुवर्षं हळूहळू पसरतो आणि स्क्रू आपोआप ढिला पडतो. ढिल्या जोडात ठिणगी, ठिणगीने उष्णता, उष्णतेने आणखी ढिलेपणा. बटणातून ‘चर्र’ असा आवाज येतो, बोर्डावर पिवळट डाग पडतो. वायरमनच्या भाषेत, ‘कार्बन धरला’. सगळ्यात वाईट म्हणजे ॲल्युमिनियमला तांब्याची पीळदार वायर नुसती गुंडाळून टेप लावणं. दोन वेगळे धातू, त्यात पावसाळ्यातली ओल, म्हणजे जोड आतून कुजायला मोकळा. आणि नवा दिवा बसवताना नेमकं हेच केलं जातं, कारण नव्या दिव्याला कारखान्यातून आलेल्या वायरी तांब्याच्या असतात आणि छतातली जुनी वायर ॲल्युमिनियमची.

अमेरिकाही यातून गेली. तांबं महागलं म्हणून १९६५ ते १९७३ च्या दरम्यान तिथल्या लाखो घरांत ॲल्युमिनियम वापरलं गेलं. नंतर तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सांगितलं की १९७२ पूर्वीची ॲल्युमिनियम वायर असलेल्या घरात एखादा जोड आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरापेक्षा ५५ पट आहे. तिकडे त्यावरून खटले झाले, खास जोड-टोप्या निघाल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात तांबं गुपचूप परत आलं आणि जुन्या घरांचं काय, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

ही वायर ओढली कुणी, तेही पाहायला हवं. औंधच्या आयटीआयमधून, पुढे महापालिकेच्या मोरवाडीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन आणि वायरमन या दोन ट्रेडची पोरं बाहेर पडत होती. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्यांना कंपन्यांत ॲप्रेंटिसशिप मिळे, नशीब असेल तर मेंटेनन्स खात्यात कायम नोकरी. सकाळची पाळी सुटली की हाच माणूस सायकलच्या कॅरिअरला पिशवी लावून वसाहतीत घरांची कामं करी. दिवसभर थ्री फेजच्या मोटारींशी झुंजणाऱ्याला घरातले दोन पॉइंट म्हणजे हातचा मळ. या शहरातल्या हजारो घरांचं वायरिंग अशा संध्याकाळच्या दोन-तीन तासांत झालेलं आहे. त्यात कसब होतं, शेजारधर्म होता आणि उरकण्याची घाईही होती. कारखान्यात वरच्या साहेबाची सही लागे. घरात काकूंचा चहा झाला की काम पास.

या मंडळींची आकड्यांची बोली आता लोपत चालली आहे. तीन-बावीस, तीन-वीस, सात-वीस, एक-अठरा. पहिला आकडा तारेच्या पदरांचा, दुसरा जाडीच्या इंग्रजी गेजचा. गेजचा आकडा वाढला की तार बारीक, त्यामुळे नवख्याची हमखास गफलत. आता दुकानात पोरं ‘एक एमएम’, ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ मागतात. खरं तर तो चौरस मिलिमीटर, पण चौरसाला बोलीत जागा नाही. अजून काउंटरवर कुणी तीन-वीस मागितली की दुकानदार चष्म्यावरून बघतो आणि ओळखतो, मिस्त्री सत्तरीच्या आसपासचा आहे.

फेज-न्यूट्रलची अदलाबदल हा त्या घाईचाच वारसा. बटण फेजवर असायला हवं, म्हणजे ते बंद केलं की दिव्यापर्यंत काहीच पोचत नाही. पण वायरी एकाच रंगाच्या, प्रकाश कमी, आणि बटण न्यूट्रलवर बसलं तरी दिवा तितकाच छान लागतो आणि विझतोही. चूक दिसतच नाही. फक्त विझलेल्या दिव्याच्या होल्डरात फेज चोवीस तास बसून असते. बल्ब बदलणाऱ्याच्या बोटाला ती केव्हातरी भेटते.

आपल्याकडचा दोन पिनांचा, २२ मिलिमीटरचा होल्डरही इंग्रजांकडून आलेला. दाबून फिरवायचा. अमेरिकन किंवा युरोपीय आटे असलेल्या होल्डरात फेज चुकून बाहेरच्या धातूच्या आट्याला आली तर बल्ब फिरवताना थेट हाताला लागू शकते. पिनवाल्या होल्डरात तो धोका नाही, म्हणून आपली उलटसुलट जोडणी पन्नास वर्षं खपून गेली. आता शोभेच्या लटकत्या दिव्यांबरोबर आट्यांचा होल्डर घराघरांत येतोय आणि जुन्या छताची जुनी चूक त्याच्या पितळी आट्यात उतरतेय.

गंमत म्हणजे ही चूक चव्हाट्यावर आणली ती एलईडीने. ट्यूबलाइटच्या जमान्यात पत्र्याची पट्टी, तिच्यात लोखंडी गाभ्याचा जड चोक, पांढऱ्या डबीतला स्टार्टर. स्टार्टर दोन-तीनदा लुकलुकला की उजेड. मग सीएफएल आला. ५ जानेवारी २०१५ ला केंद्राची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि नऊ वॅटचा एलईडी साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी बसू लागला. त्यानंतर घरोघरी एक तक्रार ऐकू येऊ लागली: बटण बंद केलं तरी दिवा रात्री मिणमिणतो. कुणी दिवा बदलून आणला, कुणी भुताटकी म्हणाला. साठ वॅटच्या बल्बला ज्या चोरट्या प्रवाहाचं भानही नव्हतं, तेवढ्यावर एलईडी काजव्यासारखा चमकतो. कधी तो बटणातल्या छोट्या लाल इंडिकेटरमुळे असतो, कधी शेजारून गेलेल्या वायरीमुळे. पण जुन्या घरात पहिला संशय घ्यायचा तो न्यूट्रलवर बसलेल्या बटणाचाच. ऐंशी साली एका संध्याकाळी उरकलेल्या कामाची पावती चाळीस वर्षांनी छतावर उमटते, ती ही अशी.

यमुनानगरचा वायरमन म्हणूनच बटणावर भरवसा ठेवत नाही. त्याच्या हालचाली नीट पाहण्यासारख्या असतात. मेन खाली करण्याआधी तो टेस्टर चालू असलेल्या प्लगमध्ये घालून बघतो, दिवा लागतो ना. मग मेन खाली करून छतातल्या दोन्ही वायरींना लावतो. मग पुन्हा मेन चढवून त्याच प्लगमध्ये, आणि लगेच मेन परत खाली. टेस्टर मधेच मेला नाही याची ही खात्री. तरीही निऑनच्या टेस्टरवर त्याचा पुरता विश्वास नाही. दिवसाच्या उजेडात तो नीट दिसत नाही, लाकडी स्टुलावर मंद लागतो, आणि कधी शेजारच्या वायरीच्या नुसत्या प्रभावानेही पेटतो. म्हणून पिशवीत एक होल्डर, त्याला दोन वायरी आणि एक पंधरा वॅटचा बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प असतो. हल्लीची पोरं मल्टिमीटर बाळगतात, तेही चालतं.

मग येतो खरा प्रश्न. जोड द्यायचा की वायर ओढायची? ॲल्युमिनियमचं टोक काळवंडलेलं असेल आणि मागे कापत गेल्यावर चकचकीत धातू सापडला, तर ॲल्युमिनियम-तांब्याच्या जोडासाठी योग्य कनेक्टरमध्ये, तांब्याशी थेट पीळ न देता, जोड निभावतो. पण एकदा वाकवून तुटलेली वायर पुन्हा तुटते. शहाणा उपाय दुसरा. जुन्या वायरीच्या टोकाला नव्या तांब्याच्या लाल, काळी आणि हिरवी अशा तीन वायरी बांधायच्या आणि बोर्डाकडून ओढायच्या. जुनी बाहेर, नवी आत. पाइप मोकळा असेल तर अर्धा तास. गिलाव्याचं पाणी उतरून पाइप गंजला असेल, किंवा कुणी वळणात खिळा ठोकला असेल, तर अर्धा दिवस आणि काकूंच्या भिंतीवर एक चर.

हिरवी वायर आली तरी ती पोचायला मागे अर्थिंग असायला हवं. त्या काळी घराच्या मागे खड्डा खणून पाइप किंवा पट्टी पुरत आणि भोवती कोळसा-मीठ भरत, वर उन्हाळ्यात पाणी घालायची सूचना. पाणी घालणारे निवृत्त झाले, खड्ड्यावर पार्किंगची फरशी आली. अर्थिंग नसलेल्या घरात पत्र्याच्या अंगाचा दिवा लावू नये, दुहेरी इन्सुलेशनचा, प्लास्टिकच्या अंगाचा घ्यावा. डब्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, ती बघून.

फ्यूज माणसाला वाचवेल, हा आणखी एक जुना गैरसमज. पाच अँपियरचा किटकॅट वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला धोका पोचायला त्याच्या दीडशेव्या भागाइतका प्रवाहही पुरे होतो, म्हणून गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारं आरसीसीबी ३० मिलिअँपियरवर पडायला बनवलेलं असतं. जुन्या घरात ते बसवलं की सारखं पडतं, आणि मग ‘ही कटकट नको’ म्हणून काढलं जातं. खरं तर ते घराचाच रोग सांगत असतं, कुठेतरी गळती आहे किंवा न्यूट्रल आणि अर्थिंग कुणीतरी एकत्र बांधलंय.

चाकणकडे थकलेल्या वायरिंगचा हाच प्रश्न वेगळ्या वेगाने उभा आहे. बजाज १९९९ च्या सुमारास तिकडे गेली, २००९ पर्यंत जर्मन गाड्यांचे कारखाने आले, आणि खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे या गावांत शेताच्या बांधावर खोल्यांच्या रांगा उठल्या. एका मीटरवर दहा-बारा खोल्या, खोलीखोलीला सबमीटर, गॅलरीतून लूप देत नेलेली वायर. वायर तांब्याची, पण एका खोलीपुरती. आता तिच्यावर कूलर, इंडक्शन आणि पाण्याचा हीटर. यातली बरीच घरं वीस वर्षांचीही नाहीत, पण वायरिंग म्हातारं झालंय.

याच खोल्यांत आणि प्राधिकरणातल्या नव्याने सजवलेल्या बंगल्यांत आणखी एक गोंधळ डब्यातून येतो. बाहेरून आलेल्या दिव्याच्या वायरी तपकिरी आणि निळी. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हा युरोपचा संकेत. आपल्या जुन्या संकेतात मात्र थ्री फेजच्या लाल-पिवळ्या-निळ्यातली निळी ही जिवंत फेज. कारखान्यात मुरलेला माणूस निळी दिसली की सवयीने हात मागे घेतो किंवा सवयीनेच ती फेजला जोडतो. नव्या पोराला हे एकदा तोंडी सांगावं लागतं, छापलेला कागद कुणी वाचत नाही.

यमुनानगरच्या घरात तोवर काम संपत आलेलं असतं. पॉइंटमधली जुनी वायर वेटोळं होऊन फरशीवर पडलेली, नवा वीस वॅटचा एलईडी बॅटन छताला चिकटलेला. लोंबतं झुंबर असतं तर गिलाव्यातल्या प्लास्टिक गट्टूवर न भागता स्लॅबमधला हूक शोधावा लागला असता. आज तेवढं नाही. वायरमन बटणाच्या बोर्डात वाकून लाल वायर बटणावर आणि काळी सरळ न्यूट्रलला गेली आहे ना, हे बोटाने माग काढत पुन्हा एकदा बघतो, मग मेन चढवतो.

उतरलेल्या पट्टीतला चोक काकू जपून ठेवतात. दुपारी गल्लीत भंगारवाल्याची हाक येते. तो चोक हातात तोलून बघतो, पत्र्याचं कवच पकडीने उचकटतो आणि आतलं वेटोळं कानशीने जरासं घासतो. लालसर चमक दिसते. चाळीस वर्षांत त्या खोलीच्या छतावर असलेलं तांबं एवढंच. ॲल्युमिनियमच्या वेटोळ्याचं वजन तो वेगळं करतो आणि भाव खिशातल्या डायरीत बघून सांगतो.